सरळ ऊस मशिनला, लोळलेला कोयत्याला: एका टोळीचा हंगाम

माणसांची नावं बदलली आहेत. गाव आणि कारखाना यांची नावं दिलेली नाहीत. आकडे ऊसतोड मजूर असलेल्या रुक्मिणच्या वहीतले आहेत. मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर ती रोजचा हिशोब लिहिते: तारीख, फड कुणाचा, गाडीचं वजन, भागिले अकरा, कारण टोळीत अकरा वाटेकरी जोड्या. चिटबॉयच्या, म्हणजे फडावर पावत्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, पावतीवर ती विसंबत नाही. पावती हरवते, वही हरवत नाही, असं तिचं म्हणणं.

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यात धारूरच्या डोंगरपट्ट्यातलं हे गाव. जमीन मुरमाड, पाणी जानेवारीपर्यंत. दिवाळी झाली की निम्मं गाव कुलूप लावून साखर कारखान्यांकडे जातं. रुक्मिण आणि तिचा नवरा ज्ञानोबा सोळा वर्षांपासून कृष्णाकाठच्या एकाच कारखान्याच्या एकाच गटात, म्हणजे ऊसपट्ट्यात, जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादम गावातलाच. सगळे त्याला अण्णा म्हणतात. त्याच्या टोळीत ११ कोयते, म्हणजे २२ माणसं. डोकी सेंटर असल्याने मोळी डोक्यावरून नेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरायची.

पैशाची रीत जुनीच आहे. जून-जुलैत मुकादम कारखान्याकडून रक्कम उचलतो आणि कोयत्यागणिक उचल, म्हणजे आगाऊ पैसे, वाटतो. हंगामात जेवढा ऊस तुटेल तेवढी ती फिटते. दर आठवड्याला किराणासाठी खर्ची मिळते, तीही उचलीतच धरली जाते. शेवटी बाकी निघाली तर ती पुढच्या वर्षाच्या बोकांडी. कारखान्याचा करार मुकादमाशी असतो. कोयत्याशी कुणाचाच लेखी करार नसतो.

२०२३-२४चा हंगाम बरा गेला. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड मजुरांच्या संघटना यांच्यात करार होऊन तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला २७३चे ३६६ रुपये झाले. त्या हंगामात रुक्मिणच्या वहीत २७१ टन आहेत. म्हणजे ९९,१८६ रुपये. उचल १,००,००० आणि खर्ची २०,००० धरून २०,८१४ रुपये अंगावर राहिले. शिवाय वाढे विकून आलेले पैसे होते. उसाचे शेंडे, म्हणजे वाढे, बांधून गवळ्यांना विकायचे ही बाईची कमाई. मीठ-मिरची, लेकरांचा खाऊ आणि दवाखाना त्यातून भागतं. ती कुणाच्याच हिशोबात येत नाही.

अडचण कुठे होती

मे २०२४ मध्ये त्या गटात दोन ऊसतोडणी यंत्रं यायचं ठरलं. दोन्ही तिथल्याच बागायतदारांच्या मुलांनी घेतलेली, सरकारी अनुदानाच्या आधाराने. २०२३ची ती योजना ९०० यंत्रांसाठी होती: किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यांतलं कमी असेल ते अनुदान, २० टक्के पदरचे आणि बाकी कर्ज.

एका यंत्राची किंमत कोटभर. नीट चाललं तर दिवसाला शंभर-सव्वाशे टन ऊस कापतं, रात्रीही चालतं. सरळ फडात एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो. म्हणजे एक मशिन पन्नास-साठ कोयत्यांचं काम करतं. हे गणित गावात सगळ्यांना तोंडपाठ होतं. यंत्र आलं म्हणजे टोळ्या गेल्या, असंच सगळे धरून चालले होते, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा. मी बीडमधल्या एका छोट्या संस्थेसाठी ऊसतोड कुटुंबांची कामं करतो. हे प्रकरण लिहायला बसलो तेव्हा ‘बेकारी’ हा शब्द शीर्षकातच घालणार होतो.

प्रत्यक्षात टोळीला काम होतं. रोज होतं. पण यंत्राला काय लागतं ते आधी बघितलं पाहिजे. साडेचार-पाच फुटी सरी, सलग मोठा तुकडा, वळायला बांधाकडेला मोकळी जागा, कोरडी जमीन, ट्रॉली शेतात शिरेल असा रस्ता आणि शक्यतो उभा ऊस. हे सगळं असलेला फड कोयत्यालाही सोपाच जातो. त्यात दिवसाला दोन टन निघतात, गाडी बांधाला लागलेली असते, मोळी दहा पावलं न्यायची. तोच फड मशिनने घेतला. उरला तो तीन फुटी सरीचा, गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे झालेला, ओढ्याकाठचा, पाणी साचणाऱ्या चिबड जमिनीतला आणि परतीच्या पावसात आडवा झालेला ऊस. आधी एकमेकांत गुंतलेली कांडी ओढून काढायची, मग तोडायची. गाडी लांब रस्त्यावर, मोळी घेऊन दीडशे-दोनशे पावलं चिखलातून.

दर मात्र टनाला ३६६च. सरळ ऊस असो की लोळलेला.

आधी हे होत नव्हतं असं नाही. लोळलेला फड प्रत्येक टोळीला मिळायचा. पण दोन वाईट फडांमागे एक चांगला लागायचा आणि हंगामाची सरासरी सावरायची. एकच दर चालत होता तो या सरासरीच्या जोरावर. यंत्राने सरासरीचा वरचा भाग उचलून नेला. दर ठरवणाऱ्या कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही, किंवा आलं तरी त्यांनी बोलून दाखवलं नाही.

पहिला निर्णय: जुलै २०२४

अण्णाला मशिनची खबर जूनमध्येच होती. गटाच्या शेतकी ऑफिसात त्याला ‘या वर्षी थोडं ॲडजस्ट करा’ असं सांगितलं गेलं होतं. त्याच्यापुढे चार वाटा होत्या.

स्वतः मशिन घ्यावं, हा विचार त्याने खरोखर केला. पण २० लाख पदरचे आणायचे कुठून, आणि अनुदान हातात पडेपर्यंत बँकेचे हप्ते कशातून भरायचे? घर आणि एक जुना ट्रॅक्टर एवढीच त्याची पुंजी. मुकादम म्हणजे सावकार, असं शहरातल्या वाचकाला वाटतं. या माणसाकडे कारखान्याचे ११ लाख फिरत होते खरे, पण स्वतःचे दोन लाखही नव्हते.

दुसरी वाट बेळगावकडच्या कारखान्याची. तिथला मुकादम ओळखीचा होता. पण तिथला गट नवा, रस्ते अनोळखी आणि बोली वेगळी. शिवाय इथल्या कारखान्याची मागची बाकी आधी चुकती करावी लागली असती. तिसरी वाट कोयते कमी करायची: अकराऐवजी सात न्यायचे आणि असलेला ऊस सातांत वाटायचा. चौथी, काहीच न बदलता जायचं.

अण्णाने चौथी धरली आणि टोळीला मशिनबद्दल अर्धवटच सांगितलं. रुक्मिणने विचारलं होतं. उत्तर तिला शब्दाला शब्द आठवतं: “तीन फुटी सरीत मिशीन घुसतच न्हाई गं. आपले फड आपल्यालाच.”

हे खोटं नव्हतं. तीन फुटी सरीत यंत्र जात नाही हे बरोबरच आहे. तोच तर घोळ होता. पुढे मी अण्णाला विचारलं की सातच कोयते का नेले नाहीत. तो म्हणाला, “चार घरांची उचल मी बंद केली असती, तर त्यांनी पेरणी कशावर केली असती? आन् गावात मी राहतो, सायेब राहत न्हाई.” मला हे पटतं, आणि याच निर्णयाने अकरातली नऊ घरं खड्ड्यात गेली हेही मला दिसतं.

रुक्मिणने मागची बाकी धरून ९०,००० उचल घेतली.

हंगाम सुरू झाला

गाळप १५ नोव्हेंबरला सुरू झालं, पण २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं. टोळी मत टाकून निघाली. त्या वर्षी राज्यात ऊसच कमी होता. आदल्या हंगामात ११० लाख टनांच्या आसपास साखर झाली होती, या वेळी जेमतेम ८० लाख टन. कारखान्यांची पळवापळवी सुरू झाली. कमी ऊस, जास्त घाई आणि त्यात मशिन. कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, घालून होईपर्यंत रस्त्याकडेचे चांगले फड रिकामे झालेले होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातलं वहीचं पान माझ्याकडे फोटोत आहे. सात दिवसांचे सात आकडे: १.४, १.१, १.३, ०.९, सुट्टी, १.२, १.२. सुट्टी म्हणजे गाडीच आली नाही. ०.९च्या पुढे तिने लिहिलंय, ‘ओढा, पडलेला’. आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्यात दोनच्या खाली एकही आकडा नाही.

मशिनचं काम मी एकदा रात्री पाहिलं. दिव्यांच्या झोतात पाचटाचा धुरळा, पुढे ऊस उभा आणि मागे वीतभर लांबीची टिपरी ट्रॉलीत पडतायत. रुक्मिणही बघायला आली होती. तिचं लक्ष वरच्या कटरकडे होतं. तो शेंडे छाटून शेतभर उडवत होता. “वाढेबी गेले,” ती म्हणाली, आणि कोपीकडे वळली. मी तोपर्यंत वाढ्यांचा विचारच केला नव्हता.

दुसरा निर्णय: परत जायचं, भांडायचं की वाटून घ्यायचं

डिसेंबरअखेर टोळीची कोप्यांसमोर बैठक झाली. तिघे म्हणाले, गावाकडं जाऊत. पण उचल अंगावर ठेवून निघणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. उचलीपोटी माणूस अडकवून ठेवणं १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात बसत नाही, हे मी त्यांना फोनवर सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. पण कायदा बीडला राहतो आणि अण्णा शेजारी, अशा अर्थाचं काहीतरी ज्ञानोबा पुटपुटला.

दुसरी सूचना रुक्मिणची होती: लोळलेल्या उसाला टनामागे जादा दर मागायचा. अण्णाने शेतकी ऑफिसात शब्द टाकला. उत्तर आलं की दर राज्याच्या करारातला आहे, एका गटासाठी बदलत नाही. यावर लेखी काही मागितलं गेलं नाही आणि दिलंही गेलं नाही. मला विचाराल तर हंगामातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच होता आणि तो पाच मिनिटांत संपला.

मग जे झालं ते कुणी ठरवून केलेलं नव्हतं. मशिन ज्यांच्या शेतात जात नाही ते शेतकरी अडले होते. वीस-तीस गुंठेवाले, ऊस वाळत चाललेला, तोड मिळेना. फडाला हात लावण्याआधी शेतकऱ्याकडून खुशाली, म्हणजे वरचे पैसे, घ्यायची पद्धत आधीपासूनच आहे आणि तिच्यावरून बोंबही होते. त्या वर्षी टोळीने ती वाढवून मागितली. एकरी तीन हजार, लोळलेला असेल तर चार. मिळालीही. मशिनवाल्या मोठ्या शेतकऱ्याला खुशालीचा खर्च राहिला नव्हता. त्याच्या उसातून पाचटापोटी साडेचार टक्के वजावट होत होती, तरी त्याचा व्यवहार फायद्याचाच होता. अवघड उसाचा जादा पैसा अखेर कारखान्याने दिला नाही की बागायतदाराने दिला नाही, तो वीस गुंठेवाल्याच्या खिशातून आला. त्यातल्या एकाने रुक्मिणला पैसे देताना म्हटलं, “बाई, तुमचं खरं आहे, पण माझं काय?” हे तिनेच मला सांगितलं, आणि सांगताना तिला बरं वाटत नव्हतं.

अर्धा कोयता

टोळीत नवनाथ आणि अश्विनी हे तरुण जोडपं होतं. नवनाथला ट्रॅक्टर चालवता येतो. जानेवारीत मशिनचा हेल्पर पळून गेला आणि मालकाने नवनाथला विचारलं: महिना १५,०००, जेवण वेगळं. नवनाथ तिसऱ्या दिवशी गेला. यंत्रामुळे नव्या नोकऱ्या तयार होतात असं म्हणतात, तशी ही एक झाली. ऑपरेटरच्या हाताखाली राहून तो पाती बदलायला शिकला, होजपाइप फुटला तर बसवायला शिकला. महिन्याभरात त्याच्या बोलण्यात हायड्रॉलिक, बेसकटर असे शब्द यायला लागले.

अश्विनी मात्र त्या दिवसापासून अर्धा कोयता झाली. हा शब्द माझा नाही. एकट्या माणसाला हिशोबात असंच धरतात. उचल होती पूर्ण कोयत्याची. मुकादमाने तिची जोडी वच्छलाबाईंशी लावली, त्यांचा नवरा आजारी होता. दोन अर्धे मिळून एक. दोघींचा दिवसाचा आकडा एक टनाच्या वर फारसा गेला नाही. कधीकधी मशिन येण्याआधी बांधाकडेच्या ओळी हाताने तोडून त्याला वळायला जागा करून द्यायचं काम या दोघींकडे यायचं. नवनाथ ज्या मशिनवर होता, त्याच्यापुढे अश्विनी वाट मोकळी करत होती. दिवसाचे ती चारशे मिळवत होती.

मशिनवर एखादी बाई घ्या, असं कुणी सुचवलं का? मी विचारल्यावर मालक हसला. वाईट हसला नाही, त्याला ते खरंच विनोदी वाटलं. ऊसतोडीत सोळा-सोळा वर्षं निम्मं काम बायकांनी केलं आहे, पण मशिनची नोकरी एकाच माणसाची असते आणि ते माणूस कोण, हे कुणाला विचारावंच लागत नाही.

शेवटी काय झालं

फेब्रुवारीच्या शेवटी गाळप आटोपलं. रुक्मिणच्या वहीत कामाचे ८१ दिवस आणि १०४ टन. म्हणजे ३८,०६४ रुपये. उचल ९०,००० आणि खर्ची १३,०००. अंगावर ६४,९३६. वाट्याला आलेली खुशाली घरखर्चात गेली. वाढ्यांचे पैसे जवळपास शून्य. अकरांपैकी नऊ कोयते पन्नास हजारांच्या वर बाकी घेऊन गावी आले.

नवनाथने दोन महिन्यांचे तीस हजार थेट अण्णाकडे भरले. नऊमध्ये त्याचं घर नाही. पुढच्या हंगामासाठी त्याला मशिनवाल्याने आधीच शब्द दिला आहे. अश्विनी गावी राहणार.

दुसरी बाजू लपवून ठेवणं मला बरोबर वाटत नाही. टोळी तीन महिन्यांत परतल्यामुळे रुक्मिणची मुलगी मार्चमध्ये आईसोबत घरी राहून परीक्षेला बसली. एरवी ती नातेवाइकाकडे किंवा हंगामी वसतिगृहात असते. आणि कोयत्याचं काम टिकलं पाहिजे असं म्हणताना ते काम काय आहे तेही आठवावं. पहाटे चारला उठून फडात जायचं, पाळीच्या दिवसांतही मोळी उचलायची, खाडा पडला तर दंड. याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं होतं. मशिनने हे काम संपवलं तर त्यावर रडणारा मी नव्हे. पण मशिनने ते संपवलेलं नाही. त्यातलं अवघड तेवढं शिल्लक ठेवलं, जुन्याच दराने.

वेगळं काय करता आलं असतं

कोणता फड मशिनचा आणि कोणता हाताचा, हे जुलैमध्येच कळत होतं. कारखान्याकडे प्रत्येक उसाची नोंद असते: गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख. मशिनच्या फडांची यादी त्या नोंदीवरूनच निघाली. तीच यादी उलटी वाचली असती तर टोळीच्या वाट्याला काय येणार ते उचल घेण्याआधी दिसलं असतं. अण्णाने ती मागितली नाही, कारण ती मागता येते हेच त्याला ठाऊक नव्हतं. आम्हालाही नव्हतं. त्या जुलैत आमची संस्था त्याच गावात ओळखपत्रांचे आणि वसतिगृहाचे अर्ज भरत बसली होती. रुक्मिणचा अर्ज मीच भरला. यंदा कुठले फड, हा प्रश्न माझ्या तोंडातून आला नाही.

दराचा मुद्दा स्थानिक कारखान्याशी बोलून सुटणारा नव्हता, हे शेतकी ऑफिसचं म्हणणं चूक नव्हतं. पण किमान टनांची हमी हा मुद्दा स्थानिकच होता. ‘इतकी उचल देतोय तर इतका ऊस देऊ, कमी पडला तर तेवढी बाकी माफ’ असं मुकादमाला कारखान्याशी बोलता आलं असतं. मानलं असतं का, सांगता येत नाही. पण उसाचा तुटवडा असलेल्या वर्षात, लहान फड पडून राहायला लागल्यावर, टोळीची गरज कारखान्यालाही होती. डिसेंबरच्या बैठकीतला जोर चुकीच्या दाराशी खर्च झाला, असं मला आज वाटतं. मशिनवरच्या जागेबद्दल बोलायचं तर अश्विनीसाठी काय मागायला हवं होतं याचं तयार उत्तर माझ्याकडे नाही. निदान नवनाथ गेल्यावर तिच्या नावावरची उचल अर्धी करून घेणं शक्य होतं. त्याची मागणीसुद्धा झाली नाही.

२०२५च्या जुलैत अण्णा पुन्हा उचल वाटायला बसला. या वेळी सातच कोयते. रुक्मिणने नवी उचल घेतली ती फक्त २५,०००ची, आणि वही त्याच्यापुढे सरकवली. मागच्या पानावर तिने दोन ओळी लिहून आणल्या होत्या: निम्मे फड सरळ उसाचे, आणि पडलेल्या उसाला टनामागे ५० जादा. अण्णाने पहिल्या ओळीखाली सही केली. दुसरी वाचून म्हणाला, “हे माझ्या हातात न्हाई.” ती म्हणाली, “मग खोडू नका. तशीच राहू द्या.”

दिवाळीनंतर टोळी निघाली. निघताना मी विचारलं, वही घेतली का. तिने पिठाचा डबा उघडून दाखवला. पिठावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत वही. कोपीत दव गळतं, म्हणून.